उणं

डब्यावर एक दंड छापला होता.
दंडाला माणूस नव्हता.
कोच हार्तोयो म्हणाले, रोज दोन चमचे, पाण्यातून.
वजन उचलायचं तर प्रोटीन पूर्ण लागतं,
आणि पूर्ण म्हणजे काय
ते डब्याच्या पाठीवर मुंगीएवढ्या अक्षरांत होतं.
किंमत ऐकून आई म्हणाली,
एवढ्यात सोयाबीनचं पोतं येतं की रे, प्रसोजो.

आमच्या गल्लीत, मलांगला, पहाटे तीनला चुली पेटतात.
रात्रभर भिजलेलं सोयाबीन उकळतं,
निवलं की आई पाटीत उतरते,
सारोंग गुडघ्यावर खोचून, भिंतीला हात लावून
तुडवत राहते.
सालं सुटतात, पाण्यावर तरंगतात,
शेजारची बदकं त्यांची वाट बघत असतात.
पोती अमेरिकेहून सुराबायाला उतरतात.
त्यांच्यावरचं गावाचं नाव तिला वाचता येत नाही,
दाणा मात्र दाताखाली धरून सांगते,
हे मागच्या वर्षीचं आहे, फसवलं मेल्यानं.

मग रागी.
रागी म्हणतो आम्ही विरजणाला,
राखाडी पूड, चिमूटभर.
केळीच्या पानात पुडे बांधून
ती फळीवर ओळीनं निजवते,
वर जुनं पोतं टाकते.

दवाखान्यातली वुलान नर्स रोज दोन पुडे नेते.
तिला मी विचारलं, यात काय कमी आहे ते सांग.
ती म्हणाली, एक गोष्ट जरा कमी आहे, ती भातात आहे.
भातात एक गोष्ट फारच कमी आहे, ती यात भरपूर.
नावं सांगितली तिनं, लायसिन, मेथिओनिन,
एखाद्या लग्नपत्रिकेवरच्या जावांसारखी.
एकाच घासात यायला हवीत असंही नाही, म्हणाली,
दिवसभरात पोटात भेटली की झालं.
पण पोटभर जेव. बशीभर नको, ताटभर.
आई मिरच्या वाटत होती, मान वर न करता म्हणाली,
आणि हे कळायला शाळेत किती वर्षं जावं लागलं तुला?

लोक एकमेकांचं उणंदुणं काढतात.
इथे ते ताटात वाढतात.

बाबांचा डावा कान गेलेला होता.
आई आयुष्यभर त्यांच्या उजवीकडून चालली.
हिशेब ते लिहायचे, पैसे ती मोजायची,
आणि तरी महिन्याच्या शेवटी काहीतरी कमी पडायचंच.
सगळंच काही भरून निघत नाही,
हे वुलानला सांगायचं राहून गेलं.

जिल्ह्याच्या स्पर्धेत मी सदुसष्ट किलो गटात होतो.
सकाळी भात, चार तुकडे तळलेला टेम्पे,
वाटीभर मुगाची पेज, शेंगदाण्याची चटणी.
पहिला उचल साफ.
दुसरा उचल, कोपर जरा थरथरलं, तरी साफ.
तिसऱ्याला बार डोक्यावर गेला,
तिथे एक श्वासभर थांबला
आणि मागे पडला, लाकडी फळ्यांवर,
सभागृह दणाणलं.
कोच डब्याकडे बघत नव्हते, माझ्याकडे बघत होते.
गुडघा चुकला तुझा, म्हणाले. गुडघा.

घरी आलो तेव्हा रात्र झाली होती.
रिकामा डबा आईनं घासून ठेवला होता,
त्यात आता रागी असते,
दंडाचा रंग अंगठ्याजवळ उडालाय.
तिनं विचारलं नाही, जिंकलास का.
जेवलास का, एवढंच.

दुसऱ्या दिवशी पहाटे
ट्रक गल्लीच्या तोंडाशी थांबला.
पन्नास किलोचं पोतं, एकूण सहा.
मी गुडघा सांभाळून उचलली.
टाळी कुणी वाजवली नाही, बदकं बाजूला झाली.

आणि मध्यरात्री, तहान लागून उठलो तेव्हा
फळीवरच्या पुड्याला सहज हात लागला.
गरम होता.
आत कुठेतरी पांढरे धागे
दाण्याला दाणा बांधत होते, अंधारात,
तापलेल्या लेकराच्या कपाळासारखे गरम.
मी पोतं जरा बाजूला सरकवलं,
वारा लागावा म्हणून.